नागरिकत्व : सोय की अमानत?

जून २०२४ मधली गोष्ट. शाळा नुकतीच उघडली होती आणि आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात पावसाने चांगलाच जोर धरला होता. मी माहेरी अम्मीकडे आले होते. रात्री दहाच्या सुमारास धाकट्या भावाचा कॅनडाहून फोन आला. एरवी तो आधी अम्मीशी बोलतो, तिच्या गुडघ्यांची चौकशी करतो, कलमांना यंदा किती आंबा लागला ते विचारतो आणि शेवटी कधीतरी माझी पाळी येते. त्या रात्री त्याने आधी मलाच मागितले. म्हणाला, "आपा, माझे दिवस पुरे झाले. नागरिकत्वाचा अर्ज भरू का?"

मी पटकन म्हणाले, "नको."

"का नको?" असे त्याने विचारले आणि मला उत्तर देता आले नाही. "उद्या बोलू," असे म्हणून मी फोन अम्मीच्या हाती दिला.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. वर्गात एखाद्या मुलीने 'का' विचारले आणि मला उत्तर आले नाही, तर मी तो प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी उत्तर शोधून आणते. हा 'का' मात्र कित्येक आठवडे माझ्या मनाच्या कोपऱ्यात तसाच राहिला. घरी आम्ही कोकणी बोलतो, शाळेत मी उर्दू शिकवते आणि सरकारदरबारी मराठीत लिहिते. हा सवाल घरचा आहे, पण सरकारदरबारचा आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचाही आहे. म्हणून तो मराठीत मांडते.

भाऊ २०१८ साली शिक्षणासाठी गेला. मुंबईत इंजिनिअरिंग झाले होते, तिथे दोन वर्षांचा अभ्यासक्रम केला. त्यात अब्बांची साठवण गेली आणि अम्मीच्या बांगड्याही गेल्या. शिक्षण संपल्यावर त्याला काही वर्षांसाठी कामाचा परवाना मिळाला. मग वय, शिक्षण, भाषा आणि कामाचा अनुभव यांना गुण देणाऱ्या पद्धतीतून मार्च २०२२ मध्ये कायम वास्तव्याचा परवाना मिळाला. आमच्या गावातली मुलेसुद्धा आता त्याला 'पीआर' म्हणतात.

पीआर म्हणजे नागरिकत्व नव्हे. नागरिकत्वाचा हिशेब वेगळा आहे. अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत माणूस किमान १०९५ दिवस प्रत्यक्ष त्या देशात राहिलेला असला पाहिजे. पीआर मिळाल्यानंतरचा प्रत्येक दिवस पुरा धरतात. त्याआधी विद्यार्थी किंवा कामगार म्हणून रीतसर परवान्यावर काढलेला दिवस अर्धा धरतात, आणि अशा अर्ध्या दिवसांची बेरीज ३६५ च्या वर जाऊ देत नाहीत. २०१५ साली ही सवलत काढून टाकली होती, ती ऑक्टोबर २०१७ मध्ये परत आली. शिवाय तीन वर्षांचे कराचे हिशेब दिलेले असावे लागतात, इंग्रजी किंवा फ्रेंच यावी लागते, आणि त्या देशाचा इतिहास, कायदे व हक्क-कर्तव्ये यांवरच्या २० प्रश्नांपैकी १५ बरोबर यावे लागतात. सर्वांत शेवटी हलफ, म्हणजे शपथ. ती घेतल्याशिवाय कोणी नागरिक होत नाही.

देशाबाहेर घालवलेले दिवस या हिशेबातून वजा होतात. प्रत्येक गैरहजेरीची तारीख, ठिकाण आणि कारण लिहावे लागते. जानेवारी २०२३ मध्ये अब्बा गेले. भाऊ मातीला पोहोचू शकला नाही. आपल्याकडे मय्यत दोन-दोन दिवस ठेवत नाहीत. तो तिसऱ्या दिवशी आला, चाळिसावा होईपर्यंत राहिला आणि परत गेला. हिशेबात त्याचे ४६ दिवस वजा झाले. कारणाच्या रकान्यात त्याने 'वडिलांचे निधन' असे लिहिले. हे ऐकून मला त्या रकान्याचाच राग आला. मग आठवले की वडील वारलेल्या मुलीच्या नावापुढे मीसुद्धा हजेरीपटावर 'गैरहजर' असेच लिहिते. कागदाला दुःख कळत नाही, पण म्हणून कागद खोटा ठरत नाही.

आता माझ्या 'नको'कडे येते.

पहिले कारण मला लगेच सापडले. आमचे आजोबा १९४७ साली मुंबईत गोदीत कामाला होते. त्यांच्या ओळखीतले काही लोक कराचीला गेले. आजोबा गेले नाहीत. ते गावी आले, चार कलमे लावली आणि इथेच मातीत मिसळले. लहानपणापासून आम्ही हे ऐकत आलो. कोणी टोमणा मारला की आमच्याकडे हे उत्तर तयार असे: आम्हांला जाता येत होते, आम्ही राहिलो. आता त्यांचाच नातू आपण होऊन दुसऱ्या देशाचा नागरिक होणार. मग त्या उत्तराचे काय करायचे?

दुसरे कारण २०१९ च्या डिसेंबरातले. आसामात त्या वर्षी ३१ ऑगस्टला जाहीर झालेल्या नागरिक नोंदणीच्या अंतिम यादीतून १९ लाखांहून अधिक माणसे बाहेर राहिली होती. मग नागरिकत्वाचा सुधारित कायदा आला आणि आमच्या मोहल्ल्यातही धास्ती पसरली. घरोघरी पत्र्याच्या ट्रंका उघडल्या. कोणी आजोबांचा शाळेचा दाखला शोधत होते, कोणी जुना सातबारा. नावात 'शेख' आधी आहे की नंतर, यावरून रात्र-रात्र झोप नव्हती. मी स्वतः कितीतरी लोकांचे अर्ज लिहून दिले. जे सिद्ध करण्यासाठी एवढी धावपळ केली, ते हा मुलगा फोनवर "भरू का?" म्हणत सोडून देणार?

कारण हे 'सोडणे'च आहे. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे कलम ९ स्पष्ट आहे. भारतीय नागरिकाने स्वखुशीने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की त्याचे इथले नागरिकत्व संपते. दोन्ही ठेवता येत नाहीत. पासपोर्ट जमा करावा लागतो आणि तो रद्दचा शिक्का मारून परत मिळतो.

ही दोन्ही कारणे मी मनाशी घोळवली, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. दोन्हींत माझा भाऊ कुठेच नव्हता. त्यांत होते ते लोक, जे आम्हांला काहीतरी म्हणतील. २०२२ या एका वर्षात २ लाख २५ हजार ६२० भारतीयांनी नागरिकत्व सोडले, असे सरकारने संसदेत सांगितले होते. त्यांच्यापैकी किती जणांच्या बहिणींना "आता आजोबांचे काय?" असा प्रश्न पडला असेल? आपल्याला तो पडतो, कारण आपण कायम हजेरी देण्याच्या पवित्र्यात उभे असतो. पण ज्या निष्ठेचा पुरावा शेजाऱ्याला दाखवण्यासाठी ठेवायचा, ती निष्ठा कसली? ती तर भीती झाली. माझ्या भावाने माझ्या भीतीपोटी अर्ज भरू नये, एवढे मला पटले. मात्र त्याने अर्ज भरावा की नाही, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याच दरम्यान मला एका खोटेपणाची आठवण झाली. तो भावाचा नव्हता, माझा होता.

शिक्षकांना शिकवण्याखेरीज जी कामे असतात, त्यांतले एक मतदार यादीचे. माझी शाळा माहेरच्याच गावात असल्याने तिथल्या यादी भागाची मी बीएलओ आहे. यादी घेऊन घरोघर जायचे, मयत झालेल्यांची, लग्न होऊन गेलेल्या मुलींची, कायमचे गाव सोडलेल्यांची नोंद करायची. कोकणातल्या मुसलमान मोहल्ल्यात हे काम कठीण असते. दर दुसऱ्या घरातला कोणीतरी आखातात असतो. "सुट्टीला येतो की," असे म्हणतात. मी मात्र कडक होते. सगळे बिऱ्हाड मुंब्र्याला हलवलेल्या एका घराची पाच नावे मी वगळायला लावली होती आणि त्यांची चुलती आजही माझ्याशी धड बोलत नाही.

आणि माझ्या माहेरच्या घरात? भावाचे नाव २०१८ पासून तसेच होते. 'शिक्षणासाठी तात्पुरता बाहेर' अशी मी स्वतःची समजूत घातली होती. विद्यार्थी असेपर्यंत ती खरीही होती. पण मार्च २०२२ मध्ये त्याच्या हाती जो कागद आला त्याच्या नावातच 'कायम' हा शब्द होता. त्या दिवशी आम्ही घरात शिरखुर्मा केला, आणि यादीत मात्र त्याला तात्पुरताच ठेवला. दुसऱ्याच्या घरी कायदा आणि आपल्या घरी माया! निष्ठेचा प्रश्न मी त्याला विचारत होते, पण वहीतली खोटी नोंद माझ्या हातची होती.

मी त्याला सगळे सांगितले. ज्या भारतीयाने परक्या देशाचे नागरिकत्व घेतलेले नाही, त्याला परदेशात राहूनही पासपोर्टवरच्या पत्त्यावर मतदार म्हणून रीतसर नोंदवता येते. २०१० सालच्या दुरुस्तीने तशी सोय झाली आहे. नमुना ६-अ भरायचा आणि मतदानाला पासपोर्ट घेऊन समक्ष यायचे. आमच्याकडे आखातातल्या किती जणांना हे माहीत आहे? त्याने जुनी नोंद काढून तो नमुना भरला. म्हणाला, "आपा, जोवर आहे तोवर खरे असू दे." या वाक्याने माझ्या विचाराला दिशा मिळाली.

पीआर आणि नागरिकत्व यांत फरक काय? पीआर असलेला माणूस तिथे राहू शकतो, काम करू शकतो, मुलांना शाळेत घालू शकतो, दवाखान्यात जाऊ शकतो. पाच वर्षांत ७३० दिवस तिथे राहिले की परवाना टिकतो. कर भरावाच लागतो. फक्त मत देता येत नाही, निवडणुकीला उभे राहता येत नाही, आणि गंभीर गुन्हा घडला तर देशाबाहेर काढले जाऊ शकते. म्हणजे पोटापाण्यापुरते सगळे पीआरमध्ये आहे. मग अर्ज कशासाठी?

इथे मला मामू आठवले. मामू ३२ वर्षे कुवेतमध्ये होते. तरुणपणी गेले, पांढरे केस घेऊन आले. तिथल्या इमारतींत त्यांनी विजेच्या तारा ओढल्या. पण एवढ्या वर्षांत त्या देशाने त्यांना एकदाही विचारले नाही की तुम्ही आमचे होता का, आणि मामूंनीही कधी तसे मनात आणले नाही. तिथे जन्मलेली आपल्या लोकांची मुलेसुद्धा परकीच राहतात. मामू म्हणत, "पगार झाला, हिशेब मिटला." तो व्यवहार स्वच्छ होता. देश मालक होता आणि मामू कामगार. कोणी कोणाला वचन दिले नव्हते.

कॅनडा माझ्या भावाला वेगळे काही म्हणत होता. काही वर्षे राहिलास, कर भरलास, आता घरातला हो. या बोलावण्याला दोन उत्तरे असू शकतात. 'घरातला झालो तर पासपोर्ट भारी मिळेल, व्हिसाच्या रांगा वाचतील', हे एक. आणि 'घरातला झालो तर घराची जबाबदारीही माझी', हे दुसरे. अर्ज एकच, शपथ एकच, पण नियत वेगळी. पहिल्या उत्तरात नागरिकत्व सोय आहे, दुसऱ्यात अमानत.

आपल्या बायकांना हे समजायला अवघड नाही. मी निकाह करून सासरी गेले तेव्हा माझे रेशनकार्ड बदलले, आडनाव बदलले, मतदार यादीतला भाग बदलला. कोणी म्हणाले नाही की हिने अब्बांशी दगा केला. उलट सासरच्या सुखदुःखात मी मनापासून पडावे, हीच अब्बांची इच्छा होती. माहेर मनात राहिले आणि सासर हातात आले. पण त्यासाठी काझींनी माझी कबुली विचारली होती, साक्षीदारांसमोर. सासरी मन नसताना केवळ घर मोठे आहे म्हणून 'कबूल' म्हणणे हा त्या घराशी खोटेपणा ठरला असता.

ही तुलना फार ताणू नये, हेही खरे. मुलीला बहुधा घर निवडू देत नाहीत. भावाने देश स्वतः निवडला. पण एका बाबतीत ती तंतोतंत जुळते. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयाला आपले सरकार 'ओसीआय' कार्ड देते. ही योजना २००६ पासून चालू आहे. त्यावर कधीही यावे, हवे तितके राहावे. वारसाहक्काने आलेली जमीन राहते, पण नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. मत नाही, निवडणूक नाही. ही अगदी माहेरवाशिणीची अवस्था! तिचे लाड होतात, तिच्यासाठी सांदणे होतात, पण घर दुरुस्त करायचे की विकायचे हे ठरवताना तिला कोणी विचारत नाही. ज्याला हे चालणार असेल त्यानेच शपथ घ्यावी. नंतर 'मला विचारले नाही' म्हणून रुसू नये.

शपथ म्हणजे नेमके काय, ते मी भावाकडून समजून घेतले. राजे तिसरे चार्ल्स यांच्याशी निष्ठा वाहायची, देशाचे कायदे पाळायचे आणि नागरिकाची कर्तव्ये पार पाडायची. पहिले कलम ऐकून मी हसले. या राजांच्या आजोबांच्या अमलातून आमच्या आजोबांची पिढी सुटली, आणि आता नातवाने नातवाशी निष्ठा वाहायची! अशी शंका तिथल्या काही लोकांनाही आली होती आणि ते कोर्टात गेले होते. २०१४ मध्ये ओंटारिओच्या अपील न्यायालयाने निकाल दिला की शपथेतली राणी म्हणजे कोणी एक व्यक्ती नव्हे, ती राज्यव्यवस्थेची खूण आहे. हे मला पटण्यासारखे वाटले. पण पटले नसते तर ओठांनी म्हणायचे आणि मनात नाही म्हणायचे, ही वाट आपल्याला मोकळी नाही. दिलेला करार पाळा, अशी आपल्या दीनची सक्त ताकीद आहे, आणि करार कोणाशी केला यावर ती अवलंबून नाही.

शपथेला किती वजन द्यावे हे झुनेरा इसहाक या बाईंकडून शिकावे. त्या पाकिस्तानातून कॅनडात गेल्या आणि नागरिकत्वाच्या सर्व पायऱ्या चढल्या. फक्त शपथ उरली. डिसेंबर २०११ च्या नियमाप्रमाणे शपथ घेताना चेहरा उघडा ठेवणे भाग होते. ओळख पटवण्यासाठी बाई-अधिकाऱ्यासमोर एकांतात नकाब काढायला त्या तयार होत्या, भर समारंभात नव्हत्या. त्या कोर्टात गेल्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, सप्टेंबरात सरकारचे अपील फेटाळले गेले आणि ९ ऑक्टोबर २०१५ रोजी त्यांनी नकाबातच शपथ घेतली. मी स्वतः नकाब घेत नाही. पण मला त्यांचे कौतुक वाटते ते यासाठी की, सवड असूनही त्यांनी शपथ उरकून टाकली नाही. जो शब्द द्यायचा तो आपल्या ईमानासकट द्यायचा, म्हणून त्या थांबल्या. आणि त्या देशाच्या न्यायालयाने एका परक्या बाईचे ऐकले, हेही सांगितले पाहिजे.

पण म्हणून तो देश स्वर्ग नाही. २९ जानेवारी २०१७ रोजी क्विबेक शहरातल्या मशिदीत नमाजानंतर गोळीबार होऊन सहा जण मारले गेले. ६ जून २०२१ रोजी ओंटारिओतल्या लंडन गावी संध्याकाळी फिरायला निघालेल्या एका मुसलमान कुटुंबावर मुद्दाम ट्रक घातला गेला. तीन पिढ्यांतली चार माणसे गेली आणि नऊ वर्षांचा मुलगा तेवढा वाचला. क्विबेक प्रांताने २०१९ साली केलेल्या कायद्यान्वये सरकारी शाळेत नव्याने लागणाऱ्या शिक्षकाला कामावर धार्मिक खूण अंगावर ठेवता येत नाही. म्हणजे डोक्यावर ओढणी घेऊन शिकवणारी माझ्यासारखी बाई तिथे नोकरीला लागू शकत नाही.

त्या देशाचा एक जुना डागही आहे. तिथल्या मूळ रहिवाशांच्या सुमारे दीड लाख मुलांना शंभराहून अधिक वर्षे निवासी शाळांत नेऊन ठेवले गेले. आयांपासून तोडले, मातृभाषा बोलले तर शिक्षा केली. २००८ साली तिथल्या पंतप्रधानांनी संसदेत याची माफी मागितली. भाषेच्या शाळेत शिकवणाऱ्या मला हे वाचवेना. २०२१ पासून शपथेत मूळ रहिवाशांच्या हक्कांचा आणि त्यांच्याशी झालेल्या करारांचा उल्लेख आला आहे. म्हणजे नवा नागरिक ज्या जमिनीवर घर घेतो, तिच्यावरच्या जुन्या देण्याचाही तो वाटेकरी होतो. वारसा घेताना आपण आधी मयताचे कर्ज फेडतो, मग वाटण्या करतो. देशाचेही तसेच आहे.

हे सगळे मी भावाला विचारले. पुन्हा फोन झाला तेव्हा तो आधी पासपोर्टचेच बोलला. मी म्हटले, "त्यासाठी शपथ कशाला? पीआरवर तुझे काय अडते?" तो गप्प झाला. मग त्याने लंडन गावच्या घटनेनंतरची आठवण सांगितली. त्याच्या शहरातही लोक मशिदीच्या अंगणात जमले होते. काही महिन्यांनी, सप्टेंबर २०२१ मध्ये, तिथे देशाची निवडणूक होती. मशिदीतली पोरे दारात उभी राहून प्रत्येकाला विचारत होती, "मत द्यायला जाणार ना?" त्याला सांगावे लागले, "मी मतदार नाही." तो म्हणाला, "आपा, तिथे मी गाऱ्हाणे सांगू शकत होतो, जबाब देऊ शकत नव्हतो. इथल्या मतदानाला मी सहा वर्षांत एकदाही आलो नाही आणि तिथे मला मत नाही. मी कुठलाच नाही असा किती दिवस राहू?"

तेव्हा मी म्हणाले, "मग भर."

तरी एक प्रश्न मी सोडला नाही. आमच्या गावच्या उर्दू शाळेने त्याला फुकट शिकवले. त्या शाळेचे देणे तिकडे कर भरून फिटते का? मला वाटते, फिटत नाही. नागरिकत्व बदलता येते, उपकार बदलता येत नाहीत. त्यालाही ते मान्य आहे. दर वर्षी शाळेसाठी तो काही करतो, पण पैसे पाठवणे आणि गावच्या अडीअडचणीला उभे राहणे यांतले अंतर पैशाने भरत नाही. ही उणीव राहणारच. ती आहे हे कबूल करणे, एवढाच प्रामाणिकपणा त्यात शक्य आहे.

आपल्या रसूलांच्या हयातीतला एक प्रसंग मी मुलींना नेहमी सांगते. मक्केचे त्यांना किती प्रेम होते, आणि ते शहर सोडताना किती दुःख झाले, हे आपण सर्व जाणतो. पुढे मक्का जिंकले गेले. जन्मगाव हाती आले, तेव्हा मदिनेच्या अन्सारांना धास्ती वाटली की आता ते तिथेच राहतील. पण ते मदिनेला परतले, कारण त्या लोकांना त्यांनी शब्द दिला होता. त्यांची मजारही मदिनेतच आहे. मक्केचे प्रेम कमी झाले असे कोण म्हणेल? जन्मभूमीची माया आणि दिलेला शब्द ही दोन वेगवेगळी देणी आहेत. एक फेडले म्हणून दुसरे बुडत नाही. कुठल्या मातीची आठवण येते हे माणसाच्या हातात नसते. शब्द पाळणे असते.

भावाने २०२५ मध्ये शपथ घेतली. त्याने फोनवर सांगितले, मी मुबारकबाद दिली आणि दुसऱ्या दिवशी नमुना ७ घेऊन अम्मीकडे गेले. यादीतून नाव वगळण्याचा अर्ज तो. अर्जदार म्हणून अम्मीची सही घ्यायची होती. कारणांच्या यादीत मृत्यू आहे, स्थलांतर आहे आणि 'भारतीय नागरिक नाही' हेही आहे. त्या तीन शब्दांपुढे माझा पेन थांबला. ही खूण आपल्या नावापुढे दुसऱ्या कोणी करू नये म्हणून आमच्या मोहल्ल्याने एके काळी रात्री जागवल्या होत्या. आता ती मी सख्ख्या भावाच्या नावापुढे करत होते. फरक एवढाच, की ती खरी होती आणि त्याच्या मर्जीने होती. ज्याच्यावर ती खोटी लादली जाते त्याचा घास हिरावला जातो. ज्याने शब्द देऊन ती ओढवून घेतली, त्याला तिची लाज वाटण्याचे कारण नाही.

अम्मीने चष्मा लावून उर्दूत सही केली. मग विचारले, "म्हणजे आता तो या घरात पाहुणा का?"

मी म्हणाले, "पाहुणा नाही. माहेरवाशीण."

अम्मी जरा हसली. म्हणाली, "मग त्याला सांग, तिकडे नीट नांद."